आदर्श पोटाचा सत्कार

माणूस कधीच एकटा जेवत नाही. त्याच्या आतड्यात कोट्यवधी जंतू पंगतीला बसलेले असतात. हे सत्य २००७ साली मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या एका सोसायटीत, पाण्याच्या टाकीचा विषय आणि वडापाव यांच्या मधल्या वेळेत, एकमताने मंजूर झालं.

विषय सेक्रेटरी कौस्तुभ यांनी मांडला. त्यांनी पेपरात वाचलं होतं. मश्रूममधला चोथा माणसाला पचत नाही. आतड्यातले चांगले जंतू तो खातात, खूश होतात आणि बदल्यात आपल्या साखरेवर नि वजनावर लक्ष ठेवतात. (प्रयोग मुख्यतः उंदरांवर झाले होते. सोसायटीतल्या उंदरांची तब्येत पाहता कुणाला शंका आली नाही.) जंतू सोसायटीच्या हद्दीत कायम वास्तव्यास असल्याने त्यांच्या जेवणाची जबाबदारी कमिटीवर आली. आरोग्य उपसमिती नेमली गेली आणि दर बुधवारी मश्रूम खायचं ठरलं.

अडचण शिजवण्याची होती. निम्म्या घरांत मश्रूमला कुत्र्याची छत्री म्हणत आणि उंबऱ्याच्या आत घेत नसत. हरकत घेणारं कुणी नाही असं स्वयंपाकघर हवं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काशीनाथ साळवींची बायको शेवंती जाऊन वर्ष होत आलं होतं. हरकत घेणारी व्यक्ती मयत असल्याने ना-हरकत गृहीत धरण्यात आली.

"काका, तुमचाही टाइमपास होईल," कौस्तुभ म्हणाला.

काशीनाथांनी मान हलवली.

त्यांना स्वयंपाक येत नव्हता. पण रत्नागिरीला, गावी, पावसाळ्यात रानातली अळंबी आली की शेवंती ती कशी करायची हे त्यांनी कांदा चिरता चिरता पाहिलं होतं. पहिल्या बुधवारी सभासदांनी "फिक्कं आहे" असा शेरा मारला. मग काशीनाथांनी फळीवरची बरणी काढली. तिच्यात शेवंतीने शेवटचा कुटलेला मसाला होता. ती बरणी त्यांनी इतके महिने उघडली नव्हती, कारण संपला की संपला. कमिटीने चवीबद्दल समाधान नोंदवलं. बरणी बुधवारागणिक खाली जात राहिली.

काशीनाथ स्वतः मात्र खात नसत. शेवंतीने "पान वाढलंय" म्हटल्याशिवाय जेवायला बसायची त्यांना सवय नव्हती. आता तसं कुणी म्हणत नव्हतं, म्हणून ते बसत नव्हते. एवढंच. चहात खारी बुडवून दिवस निघत होता.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. बहुतेक सभासदांचं वजन वाढलं होतं. (रस्सा चांगला झाल्याने माणशी चार पाव लागत.) पण काशीनाथ साळवी अकरा किलोंनी उतरले होते आणि त्यांची साखर सगळ्यांत कमी होती. मश्रूमच्या सर्वाधिक सहवासात तेच असल्याने नुसत्या वाफेचाही जंतूंना लाभ होत असावा, असा निष्कर्ष उपसमितीने काढला.

गेटजवळ सत्कार ठेवला. शाल खांद्यावरून घसरत होती, म्हणून कौस्तुभने पिन लावली.

"काका, सीक्रेट सांगा ना," दुसऱ्या मजल्यावरची रुचिता म्हणाली. "तुम्ही नक्की खाता काय?"

"काही नाही," काशीनाथ म्हणाले.

विनयाबद्दल टाळ्या पडल्या.

तेवढ्यात पालीच्या कोळीवाड्यातून पाटी घेऊन येणारी मासेवाली चंपा गेटवर पोचली. वर्षानुवर्षं शेवंतीशी घासाघीस केलेली बाई.

"अरं देवा! मानूस वालून बोंबील झालाय, आन् तुम्ही त्याला शाल घालताय? तो जेवतो का न्हाय, इचारलं कुनी?"

विषयपत्रिकेवर नसल्याने या प्रश्नाची नोंद घेतली गेली नाही.

चंपाने पाटी वॉचमनपाशी टाकली, काशीनाथांना पुढे घातलं आणि थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली. सत्कारासाठी केलेल्यातले थोडे मश्रूम उरले होते. तिने भात लावला आणि बरणी उलटी करून तळाचा मसाला पातेल्यात झटकला.

"तो शेवटचा होता," काशीनाथ म्हणाले.

"मंग काय मुंग्यांसाठी ठेवलावता? बस दादा. पान वाढलंय."

काशीनाथ बसले. त्यांच्या आतड्यातले जंतूही तीस वर्षं शेवंतीच्या हातचं जेवलेले. त्यांनी मसाला ओळखला असावा. (पुरावा उपलब्ध नाही.) काशीनाथांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. नाक पुसलं ते तिखटामुळे, असं ते म्हणाले. चंपाने ते मान्य केलं.

पुढच्या तपासणीत त्यांचं वजन वाढलेलं निघालं. कमिटीला हा विश्वासघात वाटला. ठराव करून शाल परत मागवण्यात आली. काशीनाथांनी ती घडी घालून, पिनेसह, परत केली.

शाल सध्या उपसमितीकडे पडून आहे. तुमच्या जिन्यात हल्ली कुणी एकदम बारीक झालेलं दिसलं तर कळवा. आणि तो माणूस समोर आला की नेहमीसारखं, चालता चालता एवढंच विचारा: "वा! काय खाता हल्ली?"

उत्तरासाठी थांबण्याची आवश्यकता नाही.