एक काना कमी

चष्मेवाल्यांची कार्यकक्षा वाढवणारा कायदा राज्यात झाला, ही बातमी मुरूम गावच्या उत्तरेश्वरने दुकानात उदबत्ती लावून वाचली. तो रीतसर शिकलेला नेत्रतपासनीस. डोळ्याचा दाब मोजायचं यंत्रही बाळगून होता. पण औषधाचे थेंब लिहून द्यायचा अधिकार नव्हता, त्यामुळे गावाच्या लेखी तो नुसता चष्मेवाला. हे त्याला फार लागायचं.

शेजारच्या मथुरामावशींचा वाढलेला दाब त्यानेच पकडला होता. असा दाब बाजूची नजर गुपचूप खात जातो आणि गेलेली नजर परत येत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. तरी त्यांना उमरग्याच्या डॉक्टरांकडे धाडायचं सोडून तो म्हणाला, "मावशी, थांबा थोडं. पहिले थेंब तुम्हाला मीच देणार." डोळे मावशींचे, घाई याला डॉक्टर व्हायची. मावशी बिचाऱ्या विश्वासाने थांबल्या.

थेंब देण्याच्या परवान्यासाठी तपासणीला आरोग्य खात्याचे महांतप्पासाहेब आले ते मोजायची टेप घेऊनच. नव्या कायद्याच्या परिपत्रकात 'कार्यकक्षा'चा काना गळून 'कार्यकक्ष' झाला होता. कक्षा म्हणजे अधिकार, खोली नव्हे, असं उत्तरेश्वरने अदबीने सांगून पाहिलं.

"काना असता तर अधिकार दिला असता," साहेब शांतपणे म्हणाले. "काना न्हाय, म्हणून खोली वाढवा."

भांडणारा चष्मेवालाच राहतो आणि खोली वाढवणारा डॉक्टर होतो, अशी स्वतःची समजूत घालून त्याने मागची भिंत पाडली. साहेबांनी पुन्हा मोजमाप घेतलं. कायद्याने उपचाराची मुभा डोळ्याच्या पुढच्या भागापुरतीच दिली होती, म्हणून त्यांनी खोलीचाही पुढचाच भाग ग्राह्य धरला. मग उत्तरेश्वरने दर्शनी भिंतही पाडली. मधल्या काळात मावशी दोनदा येऊन चौकटीला धडकून गेल्या. बांधकामात असं व्हायचंच, असं म्हणून याने त्यांना चहा पाजला.

अखेर परवाना मिळाला. मंडप पडला, फीत कापली, पहिल्या रुग्णाचा मान मावशींना दिला. उत्तरेश्वर थेंबांची बाटली हातात धरून फोटोसाठी उभा राहिला. मावशी उंबऱ्यात थबकल्या.

"उत्तरेश्वरा, खोली लई अरुंद केलीस की रं," त्या म्हणाल्या. "समोर तू तेवढा दिसतुयास. बाजूला कायच न्हाय."

त्याने पुढे होऊन बाटली दाबली आणि थेंब मावशींच्या गालावर पडला. मंडपात जमलेले आपण गावकरी मात्र टाळ्या वाजवत राहिलो. आपली तर नजर शाबूत होती.