दहा दिवसांची अर्जित रजा

परदेशातली थीम पार्क बघायला जायचं तर माणसाला काय लागतं? पासपोर्ट, व्हिसा, तिकीट? छे! ते काय कुणालाही मिळतं. लागतो तो तक्ता! आणि तक्ता करावा तर मीच. ही बढाई नाही, आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. किंवा नकाच विचारू. का ते पुढे कळेलच.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आस्थापना शाखेत आहे. म्हणजे कुणाला रजा द्यायची आणि कुणाला नाही, हे माझ्या टेबलावर ठरतं. साहेब नुसती सही करतात. सतरा वर्षं मी हे टेबल सांभाळतोय आणि सतरा वर्षांत एकाही शाखेतली दोन माणसं एकाच दिवशी गैरहजर राहिलेली नाहीत. ऑफिसात मला ‘नकारघंटा’ म्हणतात. पाठीमागेच म्हणतात, पण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तर अशा माणसानं सहलीचा तक्ता केल्यावर तो कसा होणार? माणसं तीन, पार्क चार, दिवस दहा, कागद आठ! जेवणाच्या टेबलासमोरची अख्खी भिंत त्यानं भरली. निळ्या रंगात पाळणे, हिरव्या रंगात जेवण, लाल रंगात स्वच्छतागृह. नऊ वाजता गेट, नऊ सात ते नऊ बारा स्वच्छतागृह, नऊ चौदाला पहिली रांग. बायको म्हणाली, “अहो, आणि नऊ वीसला कुणाला जावंसं वाटलं तर?”

“तर दोन चाळीसपर्यंत थांबायचं!”

“मग मी घरीच थांबते ना!” असं म्हणून ती आत निघून गेली.

पण मी हटणारा नव्हतो. रोज संध्याकाळी मी मायलेकींना बूट घालून रस्त्याच्या टोकापर्यंत भराभर चालायला लावायचो, घड्याळ लावून. रविवारी रांगेचा सराव. तासभर जिन्यात नुसतं उभं राहायचं, टेकायचं नाही, भांडायचं नाही. शेजारच्या आजोबांना वाटलं, काहीतरी फुकट वाटप आहे. तेही येऊन मागे उभे राहिले.

हा सगळा खटाटोप कशासाठी? माझ्या लेकीसाठी. ती अकरा वर्षांची आहे. त्या चारांतल्या सगळ्यात मोठ्या पार्कात एक पाळणा आहे, माणसाला उलटं टांगून डोंगराच्या पोटातून नेतो आणि दुसरीकडून बाहेर फेकतो. त्याच्या दोन अटी. उंची एकशे चाळीस सेंटिमीटर हवी, आणि चौदाच्या आतलं मूल असेल तर शेजारच्या खुर्चीत घरचं मोठं माणूस हवं. गेली दोन वर्षं ती दर रविवारी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि मी पेन्सिलीनं रेघ मारायचो. ती रेघ एकदाची एकशे चाळीसला लागली, त्या दिवशी पोरगी घरभर नाचली. आता राहिलं मोठं माणूस. बायकोला लिफ्टमध्येसुद्धा गरगरतं. म्हणजे मीच!

“बाबा, तुम्ही नक्की येणार ना?” लेकीनं विचारलं.

“म्हणजे काय? हा तक्ता काय भुतानं केला?”

“शाळेच्या गॅदरिंगलापण येणार होता. मागच्या सहलीला शेवटच्या दिवशी आलात, बॅगा उचलायला. माझ्या वाढदिवसाला केक संपल्यावर.”

“अगं, ऑफिस होतं तेव्हा.”

“आता नाहीये का ऑफिस?”

पोरीची जीभ आईवर गेली आहे! मी तिला जवळ घेतलं आणि म्हणालो, “गळ्याशपथ! तुझ्या शेजारच्या खुर्चीत मीच बसणार.” तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि नुसतं “बरं” म्हणाली. मला वाटलं, आनंदानं तिला शब्द सुचले नाहीत.

आता रजा. माझी रजा माझ्याच हातात, मग अडचण कसली? पण मी तत्त्वाचा माणूस! म्हटलं, माझा अर्जसुद्धा इतरांसारखा रीतसर आवक-जावकमधून येऊ दे. लोकांना कळू दे की इथे कुणाचे लाड नाहीत. आवक-जावक विभागात एक बाई आहेत, सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्यांच्या समोर मी अर्ज ठेवला. दहा दिवसांची अर्जित रजा, कारण कौटुंबिक. बाईंनी क्रमांक टाकला, वर बघितलं आणि अर्ज गठ्ठ्यात सरकवला. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांनी तीन दिवस मागितले होते. मी अर्धा दिला होता.

इथे माझी कामाची पद्धत सांगायला हवी. मी अर्ज वाचत नाही. वाचला की दया येते, आणि दया आली की तक्ता कोलमडतो. त्या महिन्यात वरिष्ठांची वार्षिक तपासणी होती, म्हणजे सरसकट नकार. मी गठ्ठा समोर घ्यायचो, कागदाचा फक्त खालचा कोपरा उचलायचो आणि नामंजूरचा शिक्का हाणायचो. मिनिटाला बारा कागद!

त्या दुपारीही गठ्ठा आला. त्याच वेळी मी फोनवर होतो. त्या पार्कच्या चौकशी विभागाचा फोन महत्प्रयासानं लागला होता आणि गेटपासून स्वच्छतागृह नेमकं किती पावलांवर आहे, हे मला विचारायचं होतं. त्यांनी मला संगीत ऐकत थांबवलं. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात शिक्का. संगीत छान ठेक्याचं होतं. त्या ठेक्यावर मी एकोणीस अर्ज नामंजूर केले.

निघायला सहा दिवस उरले आणि बाईंनी माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं.

“घ्या. पोच द्या.”

“काय आहे?”

“तुमच्याच हातचं आहे.”

उघडलं. माझा अर्ज! त्यावर माझा शिक्का, माझी आद्याक्षरं, खाली साहेबांची सही. कारण, कामाची निकड. मी खुर्चीत बसलेलो होतो ते बरं झालं, नाहीतर तिथेच बसकण मारली असती.

धावत साहेबांकडे गेलो. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

“नामंजूर कुणी केला?”

“मी.”

“का?”

“चुकून!”

“मग पुन्हा अर्ज करा.”

“नाही करता येत, साहेब. एकदा नामंजूर झालेल्या अर्जाचा फेरविचार होणार नाही आणि नवा अर्ज एकवीस दिवस आधी हवा, असं परिपत्रक आहे.”

“कुठल्या गाढवानं काढलंय?”

मी भिंतीकडे बोट दाखवलं. साहेबांनी भिंतीवरचं परिपत्रक वाचलं, खालचं नाव वाचलं आणि माझ्याकडे जरा सहानुभूतीनं बघितलं. म्हणाले, “बघा, विशेष बाब म्हणून मी लिहू शकतो. पण तपासणी आहे. तुमचं टेबल सांभाळायला कुणीतरी लेखी तयार हवं.”

एवढंच ना? सत्तावीस माणसांचं ऑफिस! मी कागद घेऊन निघालो. पहिला ड्रायव्हर भेटला, गाडी पुसत होता. मी माझी कहाणी सांगितली, लेकीचं सांगितलं, एकशे चाळीस सेंटिमीटर सांगितलं. त्यानं शांतपणे फडकं पिळलं.

“माझ्या बहिणीचं लग्न मी फोनवर बघितलं,” तो म्हणाला. “तुम्हीपण पार्क फोनवरच बघा. चांगलं दिसतं.”

मग स्टोअरकीपरकडे गेलो. हा माणूस नळाच्या चाव्या आणि पाइप सांभाळतो आणि अख्ख्या ऑफिसच्या बातम्याही. त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, “म्हणजे दहा दिवस रजेच्या टेबलावर कुणी नाही?”

“नाही ना! म्हणून तर—”

पुढचं त्यानं ऐकलंच नाही. डोळे असे चमकले म्हणता! तो उठला आणि मला स्टोअरमध्ये एकटं सोडून बाहेर पळाला. मला वाटलं, माझ्यासाठी माणूस शोधायला गेला. भाबडा मी!

चार वाजेपर्यंत साहेबांच्या टेबलावर चोवीस अर्ज पडले. सगळ्यांना तेच दहा दिवस हवे होते! नकारघंटा गावाला चालली, आता टेबल मोकळं, अशी आवई उठली होती. एकानं तर गेल्या वर्षी नामंजूर झालेला अर्जच तारीख खोडून पुन्हा दिला होता. साहेबांनी मला आत बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“हे काय हो? तपासणीला मी आणि माझी खुर्ची, दोघंच बसायचं का?”

“साहेब, मी सगळे नामंजूर करून जातो ना!”

“आणि गेल्यावर? उद्या नवे येतील! अहो, तुम्ही आहात म्हणून ही माणसं इथे आहेत. तुम्ही निघालात की ऑफिस निघालं!” मग आवाज खाली आणून म्हणाले, “खरं सांगू? हे ऑफिस मी नाही चालवत. तुम्ही चालवता.”

आता मी जे सांगणार आहे ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. मी फुललो! सतरा वर्षांत मला कुणी एक चांगला शब्द बोललं नव्हतं. मी “कसचं कसचं” म्हणालो, पण दोनदा तेच वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मुद्दाम “खरंच, साहेब?” असंही विचारलं. आणि साहेबांनी ते पुन्हा म्हटलं.

बाहेर आलो तर दारात बाई उभ्या. त्यांचा अर्ज त्या चोवीसांत नव्हता.

“मी सांभाळते तुमचं टेबल,” त्या म्हणाल्या. “लिहून देते. तुमच्या मुलीला सांगा, बाबा येतायत म्हणून.”

त्यांच्या हातात कागद तयार होता, सहीसुद्धा केलेली होती. फक्त घ्यायचा होता. आणि बघा, माणसाच्या डोक्यात नेमकं भलत्या वेळी काय येतं! माझ्या डोळ्यांसमोर माझं टेबल आलं आणि त्यामागे या बाई. या एकेक अर्ज वाचत बसणार. वाचून कुणाला तीन दिवस देणार, कुणाला चार. दहा दिवसांनी मी परत येईन तेव्हा ऑफिस तसंच चाललेलं असेल. त्यापेक्षा वाईट म्हणजे, आणखी बरं चाललेलं असेल!

“नको, बाई,” मी म्हणालो. “तुम्हाला नाही जमायचं. जबाबदारीचं काम आहे.”

बाईंनी कागदाची घडी घातली. “बरं,” म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

घरी जाताना वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. ‘साहेबांनी सोडलंच नाही.’ ‘तपासणी आली, माझा इलाज नव्हता.’ लेक रडेल, पाय आपटेल, दोन दिवस बोलणार नाही. तिची समजूत कशी काढायची, याचासुद्धा मी मनातल्या मनात तक्ता केला. दार उघडलं तर हॉलमध्ये मेहुणा! बायकोचा धाकटा भाऊ वजनकाट्यावर बॅग तोलत उभा होता.

“या दाजी!” तो म्हणाला आणि एकदम ओशाळला.

“तू कुठे निघालास?”

तो बायकोकडे बघायला लागला. बायको पडद्याकडे बघायला लागली.

“अहो, त्याचाही व्हिसा काढून ठेवलाय,” शेवटी ती म्हणाली. “तिकीटसुद्धा. तुम्ही आलात तर त्याचं रद्द करणार होतो. उद्या शेवटचा दिवस आहे रद्द करायचा. तेवढं सांगा, करू का?”

 माझी सगळी जुळवलेली वाक्यं फुकट गेली.

“कुणाचं डोकं हे?” मी विचारलं. “अगं, मी पोरीला गळ्याशपथ सांगितलं होतं!”

“म्हणून तर,” बायको म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “तुम्ही शपथ घेतलीत आणि ती स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, आई, मामाचं पण काढून ठेव.”

सहा दिवसांनी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. आठही कागद भिंतीवरून काढून, घडी करून बायकोला दिले. तिनं ते पर्समध्ये ठेवले, बहुतेक माझ्या समाधानासाठी. मेहुण्यानं माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, इतका तो लाजला होता. लेक नव्या बुटांत टाचा उंच करून उभी होती, जणू आतला माणूस फूटपट्टी घेऊनच बसलाय.

मी म्हटलं, “रागावलीस?”

“नाही हो, बाबा!” ती मनापासून म्हणाली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. तीच माझी समजूत काढत होती. “तुम्ही अजिबात वाईट वाटून घेऊ नका हं. तुम्ही नसलात तरी आम्हाला मज्जा येते.”

मग ती पळत रांगेत गेली. तिघं आत शिरले. मागे वळून बघतील म्हणून मी हात वर करून उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. हात दुखायला लागला, पण खाली घेतला आणि नेमकं तेव्हाच त्यांनी बघितलं तर?

मागून कुणीतरी खांद्याला बोट लावलं. एक गृहस्थ ढकलगाडी घेऊन उभे होते.

“अहो, तुम्ही रांगेत आहात का?”

“नाही, नाही,” मी बाजूला होत म्हणालो. “तुम्ही जा. मी नुसताच उभा आहे.”