भरमाचा कोरडा पोशाख

एका सकाळी आमच्या शेजारच्या अंगणात दोरीवर एक रबरी मेणकापडाची विजार टांगलेली दिसली. दोरीवर विजार असण्यात नवल काही नाही. पण हिचे दोन्ही पाय खालून सुतळीनं करकचून बांधलेले होते आणि नागूअण्णा स्टुलावर उभे राहून तिच्यात तांब्यातांब्यानं पाणी ओतत होते. विजार फुगत गेली. आधी तिला पोटऱ्या आल्या, मग मांड्या आल्या. मग अण्णा खाली उतरले आणि तिच्यासमोर उकिडवे बसून शिवणीकडे टक लावून पाहू लागले.

"काय चाललंय अण्णा?"

"गळती बघतोय, मास्तर."

"विजारीची?"

"मग काय माझी?"

टिळकवाडीत आमची भिंतीला भिंत होती. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि नागूअण्णा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लाकडी नमुने करायचे. बिडाचा पंप ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. पण बीड निवताना आकसतं, म्हणून नमुना आधीच अंमळ मोठा करावा लागतो. ह्या जादा मापाला अण्णा 'आटणी' म्हणत, आणि त्यांचा सगळा संसार ह्या आटणीवर चालायचा.

पाहुणे पाच आले की चहा सहांचा. बस आठची असली की अण्णा सात वाजता स्टँडवर. माझ्या मुलीला सत्तर टक्के मिळतील, असं मी एकदा जरा छाती फुगवून म्हणालो, तर म्हणाले, "आटणी धरली काय? साठ म्हणा." अठ्ठावन्न मिळाले. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी शाळेचा विषय काढला नाही.

असा हा माणूस पाण्यात कोरडं राहायचा पोशाख शिवायच्या मागे लागला, आणि तोही स्वतःला पोहता येत नसताना. पोहणं सोडाच, नदीच्या पुलावरून बस जायला लागली की ते डोळे मिटून घेत.

सुरुवात झाली ती एका कॅटलॉगपासून. फाउंड्रीतले कुणी इंजिनिअर परदेशातल्या एका बर्फाळ गावी मशीन शिकायला गेले होते, त्यांच्या सामानातून ते आलं होतं. त्यात एका पानावर बर्फाच्या भोकातून बाहेर निघालेला एक गोरा माणूस होता. नारिंगी पोशाखाचा गळा ओढून तो आतला लोकरीचा स्वेटर दाखवत होता. स्वेटर ठणठणीत कोरडा.

"हे वाचून दाखवा बघू," अण्णा म्हणाले.

मी वाचलं. पोशाख ज्याच्या त्याच्या मापानं शिवून मिळतो. रबराचा हवा की रबर चढवलेल्या कापडाचा? बूट जोडलेले हवेत की घोट्याशी पट्टी? शेवटी मापांचा भला मोठा तक्ता होता. मानेचा घेर, मनगटाचा घेर, काखेपासून घोट्यापर्यंत. बजावून लिहिलं होतं की मान आणि मनगट नेमकं हवं, कारण पाणी शिरतं ते तिथूनच.

"मान साडेपंधरा," अण्णा डोळे मिटून म्हणाले. "मनगट सात. छाती चाळीस."

मी त्यांच्या मानेकडे पाहिलं. ती चौदाच्या वर नव्हती.

"हे कुणाचं माप, अण्णा?"

"हाय एक माणूस."

त्या माणसाचं नाव मला आक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, कुंपणाशी उभं राहून सांगितलं. तो अण्णांचा धाकटा भाऊ, भरमा. निपाणीकडच्या एका गावात धरणाच्या काठी एकटा राहतो. विहिरीत घागर पडो, धरणात माणूस बुडो, लोक भरमालाच बोलावतात. कमरेला दोर बांधून तो उघड्या अंगानं बुडी मारतो. अण्णांची आई गेली तेव्हाही तो असाच कुठल्या तरी परगावच्या माणसाचं प्रेत शोधत दोन दिवस पाण्यात होता. आला तेव्हा सगळं उरकलं होतं. अण्णा चारचौघांत म्हणाले, "परक्याची मढी काढाय वेळ हाय, आईला खांदा द्याय न्हाय." भरमा ओल्या कपड्यांनिशी तसाच माघारी फिरला. त्याला सात वर्षं झाली होती.

"आता खोकतोय म्हणं लई," आक्का म्हणाल्या. "डाक्टरनं सांगिटलंय, थंडीत अंग भिजलं तर ह्या खेपेला काय खरं न्हाय. पर कोण बोलवाय आलं की उठतोय आन् जातोय. ह्येंनी ऐकलं तवापासनं जेवान ग्वाड लागंना झालंय. पर जाऊन बोलतील तर शपथ."

मला त्या क्षणापर्यंत अण्णांची गंमत वाटत होती. त्यानंतर वाटेना.

परदेशातून पोशाख मागवणं त्या काळात अशक्यच होतं. परवान्याचे कागद भरता भरता भरमा म्हातारा झाला असता. तेव्हा अण्णांनी तो इथंच करायचं ठरवलं. खासबागेत इराप्पा म्हणून ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारा एक कारागीर होता. दवाखान्यात रोग्याखाली घालतात ते रबरी कापड आलं, गळ्याला आणि मनगटाला ट्रकची जुनी ट्यूब आली. पाणी न शिरणारी चेन काही मिळेना. मग अण्णांनी पोटावरच एक मोठं तोंड ठेवलं. त्यातून आत शिरायचं आणि ते गोळा करून, पिळून, ट्यूबच्या पट्टीनं आवळून टाकायचं. प्रत्येक शिवणीवर सोल्यूशन लावून पट्टी. इराप्पा हात जोडून कानडीत "साक अण्णा, साक," म्हणजे पुरे आता, असं म्हणायचा. अण्णा म्हणायचे, "अजून एक पट्टी."

गळा नेमका बसावा म्हणून अण्णांनी सागवानाची एक मान कोरली. खांद्यासकट, साडेपंधरा इंच, उजवीकडे किंचित कललेली.

"कललेली का?"

"तो उभाच ऱ्हातोय तसा," अण्णा म्हणाले आणि पॉलिश पेपर घासत राहिले.

पहिली चाचणी त्यांनी स्वतःच घेतली, फाउंड्रीच्या हौदात. पोशाख ढगळ होत होता म्हणून आत दोन स्वेटर, एक कोट आणि गळ्याशी आक्कांचा पंचा. हौद छातीएवढा. अण्णा डोळे मिटून उतरले आणि आतली सगळी हवा पायात गेली. पुढच्या क्षणी हौदावर अण्णांचे दोन फुगलेले पाय होते आणि बाकीचे अण्णा पाण्याखाली होते. चौघांनी ओढून काढलं. नाकातोंडातून पाणी येत होतं, तरी पहिल्यांदा त्यांनी कोटात हात घातला.

"कोरडा हाय," ते म्हणाले. मग घोट्यांना बांधायला बिडाची वजनं ओतून घेतली.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघं पोशाखाचं गाठोडं घेऊन निपाणीकडे निघालो. मी कशाला, असं मी दोनदा विचारलं. "असा संगट," एवढंच उत्तर मिळालं.

भरमा घराच्या ओट्यावर उन्हाला बसला होता, घोंगडी लपेटून. त्यानं आमच्याकडे पाहिलं. मान उजवीकडे किंचित कललेली होती.

"मास्तर," अण्णा धरणाकडे बघत म्हणाले, "त्येला सांगा, घालून बघ म्हणावं."

"मास्तर," भरमा म्हणाला, "त्येस्नी इचारा, ह्ये काय हाय?"

दोन मराठी माणसांमध्ये मराठीतून मराठीत दुभाष्याचं काम मी तेवढं एकदाच केलं. पोशाख म्हणजे काय, पाणी कुठून शिरतं, वजनं कशाला, सगळं सांगितलं. भरमा ऐकत होता. मग खोकत उठला, घोंगडी टाकली आणि पोटावरच्या तोंडातून आत शिरला. डोकं गळ्यातून बाहेर आलं.

अण्णा पुढे झाले. पट्टी बसली का बघायला त्यांनी गळ्याच्या रबरात बोट घातलं. एक गेलं, दुसरं गेलं. चारही बोटं गेली, तरी जागा उरली. मनगटाचं रबर तर कोपरापर्यंत घसरलं. सागवानी मानेवर इतकं घट्ट बसलेलं ते रबर भरमाच्या गळ्याभोवती लोंबत होतं. आत गळ्याची हाडं दिसत होती.

अण्णांनी हात बाहेर काढलाच नाही.

"बिडाची आटणी धरली," ते मला म्हणाले. "पितळंची धरली. माणसाची धरायची ऱ्हायली बघा." मग थेट भरमालाच म्हणाले, "कवा आटलास रं एवढा?"

"सात वर्सं झाली की, दादा," भरमा म्हणाला.

मी उगाच धरण बघायला गेलो. परत आलो तेव्हा अण्णा सुतळीनं भरमाच्या मनगटाचं माप घेत होते. गाठ मारून झाली होती, पण मनगट त्यांच्या हातातच होतं.

निघताना अण्णांनी त्याच्याकडून एक वचन घेतलं. पोशाख नीट झाल्याशिवाय, कुणीही बोलवायला आलं तरी, पाण्यात उतरायचं नाही. भरमा हसला आणि "बरं," म्हणाला.

आठ दिवसांचं काम होतं. इराप्पानं ते सहा दिवसांत केलं. पण दर रविवारी अण्णा गाठोडं घेऊन निपाणीकडे जायचे आणि संध्याकाळी ते परत घेऊन यायचे. कधी गळा सूतभर सैल, कधी काखेत ओढतंय. उन्हाळा गेला, पाऊस गेला, पुन्हा थंडी आली. भरमाच्या अंगावर जरासं मांस चढलंय, असं आक्का सांगायच्या. म्हणजे मापं पुन्हा बदलली.

अशाच एका थंडीच्या सकाळी दोरीवर अख्खा पोशाख टांगलेला होता, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेला. खालची फरशी कोरडी होती. मी जवळ जाऊन शिवणीवरून हात फिरवला. थेंब नव्हता.

अण्णा स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते.

"गळतंय न्हवं, मास्तर?" ते म्हणाले. "अजून गळतंय."

मी कोरडा हात धोतराला पुसला.

"व्हय अण्णा," मी म्हणालो, "गळतंय."