उंबऱ्याजवळची फरशी

घराच्या कामात भावना आणायच्या नाहीत, हे मला चांगलं जमतं. माझं बी.एस्सी. झालेलं आहे. लातूरच्या आमच्या गल्लीत शांत डोक्याची बाई कोण, असं विचारलं तर लोक माझ्याच दाराकडे बोट दाखवतील, अशी त्या सोमवारी दुपारपर्यंत माझी समजूत होती.

प्रश्न फरशीचा होता. सासऱ्यांनी बसवलेली पिवळी-करडी मोझॅक. मूळ रंग कोणता ते आता कोणालाच सांगता येत नव्हतं. कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांसारखी ती दिवसभर आमच्याकडे बघत पडलेली असायची. सांधे सुटलेले. माझी मुलगी शांभवी नुकती रांगायला लागली होती आणि सांध्यांतली वाळू साखरेसारखी चाटायची. एकदा उंबऱ्याजवळच्या सैल फरशीखाली तिची करंगळी सापडली. नख काळं पडलं. ती झोपली की मी ते बोट हातात घेऊन बसायचे.

ठेवायची की काढायची? आमचे हे, म्हणजे सिद्धलिंग, जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूचे. म्हणून मी त्यांचं जेवण संपताना फरशीचा विषय काढायचे. पण ताक आत्याबाई वाढायच्या, आणि ताक सगळ्यात शेवटी असतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, नीलम्मा. त्यांची अट एकच. "मोरीतली काढ, देवापुढली काढ. उंबऱ्याजवळची तेवढी हलवायची न्हाई."

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे तीच फरशी आधी खडखडली होती. हिवताप आलेल्याचे दात वाजावेत तशी. आत्याबाई जाग्या झाल्या आणि सगळ्यांना ओढून बाहेर काढलं. आमच्या घराला नुसत्या चिरा गेल्या, पण आत्याबाई पुढे कित्येक हिवाळे अंगणात पत्र्याखालीच झोपल्या. थंडीनं छाती धरली ती धरलीच. शांभवी झाली तेव्हा कुठे घरात आल्या, तेही खाटेचा पाय त्या फरशीवर आणि पाळणा खाटेला लागून, अशा बोलीवर.

गल्लीनंही ती फरशी आपलीच मानली होती. समोरचे श्रीमंतकाका रोज सकाळी दुधाला जाताना विचारायचे, "नीलम्माबाई, काय म्हणते फरशी?"

"गप हाय."

मग गल्ली कामाला लागायची.

"आत्याबाई, भूकंप आधी कळत नसतो," मी एकदा सांगून पाहिलं.

"आधी कुठं म्हणतेय मी? आल्यावर तर कळंल."

बी.एस्सी.नं वाद सोडून दिला. मग त्या सोमवारी आत्याबाई भाचीच्या डोहाळजेवणाला निलंग्याला गेल्या आणि मी रियाजभाईंना बोलावलं. रियाजभाईंचा हात गल्लीतल्या बहुतेक घरांच्या जमिनीवरून फिरलेला. त्यांनी थापीच्या दांड्यानं फरशीवर टकटक केलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"बसवलेली फरशी बोलली नाही पाहिजे, वहिनी. ही तर नुसती बडबडते. काढू?"

"काढा," मी म्हटलं.

आता वरच्या खोलीबद्दल सांगायला हवं. त्या वर्षांत लातुरात बारावीची पोरं राहत नाहीत अशी खोली सापडणं कठीण होतं. कोळशाची खोली झाडून लोक भाड्यानं देत होते. आमच्याकडे वर धर्माबादची अर्शी आणि तिच्या दोन मैत्रिणी राहायच्या. समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये महादेवप्पा सरांचा फिजिक्सचा क्लास. लातूरला पोर पाठवताना तिकडच्या आया दोन गोष्टी बजावून सांगायच्या: अभ्यास कर, आणि स्टीलचे पेले उलटे करून एकावर एक रचून ठेव, पडले की पळ. अर्शी अभ्यासू मुलगी. तिनं पेल्यांचा मनोरा रचला होता तो थेट छताला भिडायला आलेला.

खाट बाजूला सरकवून रियाजभाईंनी उंबऱ्याजवळ पहिला घाव घातला आणि वर भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखा आवाज झाला. अर्शी जिन्यावरून खाली आली ती पायऱ्या न मोजता.

"भूकंप! भाभी, भूकंप!"

हातोडा माझ्या डोळ्यांसमोर होता. धक्का कुठून आला हे साऱ्या लातुरात फक्त मला आणि रियाजभाईंना ठाऊक होतं. तरी मी शांभवीला पाळण्यातून उचललं आणि अनवाणी पळाले. माझ्या मागे रियाजभाई, हातोड्यासकट.

रस्त्यावर आल्यावर मी धापा टाकत विचारलं, "तुम्ही का पळालात?"

"तुम्ही पळाल्या म्हणून."

मी कधी पळत नाही, हे गल्लीला माहीत. त्यामुळे मी पळाले म्हटल्यावर कोणी विचार करत बसलं नाही. श्रीमंतकाका अर्ध्या गालावर साबण घेऊन आले. क्लास एका दारातून बाहेर सांडला. महादेवप्पा सर "रांगेत या, रांगेत या" असं ओरडत सगळ्यांच्या पुढे.

"काही नाही हो, हातोडा होता," मी सांगत सुटले. शांभवी माझ्या काखेत रडत होती आणि माझ्या पायात चप्पल नव्हती, त्यामुळे ते कोणाला पटेना.

श्रीमंतकाका म्हणाले, "हातोड्याचं राहू दे पोरी. फरशी वाजली का?"

"फरशी... काढली."

"काढली म्हणजे?"

"दोन तुकडे झाले," रियाजभाई म्हणाले.

श्रीमंतकाका घरात गेले आणि गादी घेऊन बाहेर आले. मग सतरंज्या आल्या, स्टोव्ह आले. महादेवप्पा सरांनी उरलेला तास रस्त्यावरच घेतला. विषय: दोलन. एकटे रियाजभाई आत गेले, कारण कालवलेलं सिमेंट कोणासाठी थांबत नाही.

उन्हं कलली आणि आत्याबाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. निलंग्याच्या स्टँडवर लातूरहून आलेल्या गाडीचा कंडक्टर सांगत होता म्हणे, की अमक्या गल्लीत जमीन फाटली आणि एक बाई लेकरू घेऊन पळाली. ते डोहाळजेवणात कळलं आणि त्या भरल्या ताटावरून उठून आल्या होत्या. माझ्या कडेवरून शांभवीला घेतलं, डोकं चाचपलं, हात, पाय, पाठ. मग उंबऱ्यापाशी गेल्या. तिथे पांढरी, गुळगुळीत, नवी फरशी. आत्याबाईंनी पायानं दाबली. पुन्हा दाबली. आवाज नाही.

"छान बसवली रं, रियाज," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "वर्षा, माझं अंथरूण पत्र्याखाली टाक."

"आत्याबाई, थंडी आहे. तुमची छाती..."

"छाती हाय तिथं हाय. घरात डोळ्याला डोळा लागायचा न्हाई."

शांभवीनं त्यांच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं. मी रियाजभाईंकडे वळले. "ही फरशी सैल करून द्या."

"सैल?" त्यांचा चेहरा शिवी दिल्यासारखा झाला. "वहिनी, गल्लीत नाव आहे माझं. उद्या कोणी पाय ठेवला अन् वाजली, तर म्हणतील रियाजनं बसवली."

"आम्ही सांगू ना, मुद्दाम बिघडवलीस म्हणून," श्रीमंतकाका म्हणाले.

"ते तर अजून वाईट."

महादेवप्पा सर सैल वस्तूला कंपन आधी कसं समजतं ते सांगू लागले. काम वाईट कर, म्हणून अख्खी गल्ली एका गवंड्याच्या विनवण्या करत होती आणि गवंडी मान हलवत होता.

"माझी धाकटी बहीण होती रं, पार्वती," आत्याबाई मध्येच म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "किल्लारीकडं दिली होती. तिच्या घरी फरशी नव्हती. शेणानं सारवलेली जमीन, लई गुळगुळीत सारवायची. काही वाजलंच न्हाई तिच्याकडं. झोपेतच राहिली."

रियाजभाई खाली बसले. ओल्या सिमेंटमधून फरशी अलगद उचलली, एका कोपऱ्याखालचा माल खरवडून काढला, तिथे कोरडी वाळू पसरली आणि फरशी परत टेकवली.

"बघा, मावशी."

आत्याबाईंनी पाय ठेवला. टक.

"अजून जरा."

त्यांनी आणखी खरवडलं. खड, खड.

"हां," आत्याबाई म्हणाल्या आणि शांभवीला घेऊन आत गेल्या. श्रीमंतकाकांनी गादी गुंडाळली. त्यांच्यामागून सतरंज्या उचलल्या गेल्या, स्टोव्ह विझले.

रियाजभाई थापी धुऊन निघाले. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले, आसपास कोणी नाही हे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"रियाजभाई, उद्या स्वयंपाकघराचं काम आहे ना, तिथली पण एक जरा कमी सिमेंटात बसवा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वहिनी, तुम्ही तर शिकलेल्या."

"म्हणून तर एकच सांगतेय," मी म्हटलं.