बापट काकांचा बोलर

स्वतःचा मुलगा नापास व्हावा म्हणून दर शनिवारी तीन तास गाडी चालवत जाणारा बाप मी एकच पाहिला. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधले आमचे शेजारी, बापट काका. भर जुलैत डोक्याला कानटोपी, मांडीवर चिवड्याचा डबा आणि तोंडी 'तात्पर्य काय' हे पालुपद.

त्यांचा निखिल बेसबॉल खेळतो. मोठ्या लीगमध्ये नाही, एका लहानशा गावाच्या क्लबात. तो मैदानाच्या टोकाला उभा राहून झेल घ्यायचा. बॅट हातात आली की मात्र चेंडू लागता लागेना. पण हात दणकट. म्हणून क्लबने त्याला पिचर करायला घेतलं. म्हणजे आपल्या भाषेत बोलर. यंदा जमलं तर ठीक, नाहीतर नारळ.

"तात्पर्य काय," काका मला समजावत, "बॅट चालत नाही म्हणून बोलिंग दिली. आमच्या क्रिकेट क्लबात अशा पोराला स्कोअर लिहायला बसवत. मिळू दे नारळ. घरी येईल, मास्टर्स करेल, गरम जेवेल."

काकू गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात काका एकटेच आहेत. निखिलच्या खोलीतली चादर ते दर रविवारी बदलतात. तिच्यावर कोणी झोपलेलं नसतं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर मॅचला गेलो. काका समोरच्या टीमसाठी टाळ्या वाजवत होते. शेजारच्या अमेरिकन बाईंनी कौतुकाने विचारलं, यातला तुमचा कोण? काका म्हणाले, "दॅट वन. ऑल फुलटॉस." या खेळात चेंडूचा टप्पा पाडायचाच नसतो, हे त्यांना इतकी वर्षं बघूनही मान्य नाही. सहा चेंडू झाले की ते चुळबुळ करू लागतात. ओव्हर संपली, आता याला अजून का ठेवलाय, असा त्यांचा रास्त सवाल असतो.

त्या दिवशी निखिलचे चेंडू जागेवर जातच नव्हते. आपल्या वाइडसारखं, एकामागून एक बॅटर न मारताच फुकटात बेसवर, म्हणजे धावेच्या पुढच्या टप्प्यावर, गेले आणि मग एकाने चेंडू थेट पार्किंगमध्ये भिरकावला. कोच आला आणि त्याने निखिलच्या हातातून चेंडू काढून घेतला. काका टाळ्या वाजवायला विसरले. मी मनात म्हटलं, झालं यांच्या मनासारखं.

मॅच संपल्यावर निखिल जाळीपाशी आला. "आय ॲम डन, बाबा. कोच अजून एक चान्स देतोय, पण नको. आय'ल कम होम."

काका चष्मा पुसत राहिले.

"मी सिव्हिल इंजिनिअर," ते म्हणाले. "पूल बांधायचे होते मला. इथं आलो तर काम मिळालं कॉम्प्युटरचं. वर्षभर प्रत्येक मीटिंगमध्ये वाटायचं, आज यांना कळणार, याला काही येत नाही. तुझ्या आईलाही बोललो नाही."

"यू नेव्हर टोल्ड मी."

"आता सांगतोय. अजून तू नवा आहेस या बोलिंगला. घरी यायचं नाही. एवढ्यात नाही."

निखिलने जाळीतून बोटं घालून त्यांचा हात धरला, मग मान डोलावून आत गेला.

परतताना गाडी मीच चालवली. काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आज आला असता रे तो."