हजार मीटरच्या वर सगळे 'तू'

लाल जॅकेट माझंच होतं! फक्त ते अजून शाळेच्या कपाटात टांगलेलं होतं, एवढंच.

ऐका ना, हसू नका. आठ हिवाळे मी क्लामबाखच्या स्की-शाळेत पोरांना शिकवतेय. आठही हिवाळे पिवळ्या बंडीत! पिवळी बंडी म्हणजे हंगामी. डिसेंबरात या, पोरांना उतारावर उभं करा, पडलेली उचला, गळकी नाकं पुसा आणि मार्चात चालू पडा. लाल जॅकेट म्हणजे कायम. पूर्वी शाळेत बारा लाल जॅकेटं होती म्हणे. मग बर्फ आटत गेला, तशी जॅकेटंही आटली. यंदा जागा उरली एक. आणि मागणारे दोघं, मी आणि गुस्टल.

गुस्टल स्की करतो म्हणजे जिन्यावरून इस्त्रीचं टेबल सोडल्यासारखं दिसतं. पण केस छान आहेत त्याचे!

"जागा नाही मिळाली तर बुर्गी, बॅग भरायची," आई म्हणाली. ती हॉटेलच्या चादरी धुते. "गावात दुसरी नोकरी एकच आहे, आणि ती मी अडवून बसलेय."

"मिळणार म्हणजे मिळणार!" मी म्हटलं. "माझ्याकडे योजना आहे."

आईने चादर पिळावी तसं माझ्याकडे बघितलं.

निर्णय होता एकाच माणसाच्या हातात. शाळेचे अध्यक्ष, हॉफराट ऑयझेबियुस थुर्नवाल्डर. जन्मभर सरकारी मोजणी खात्यात होते, निवृत्त होताना सरकारने 'हॉफराट' पदवी दिली. आमच्याकडे माणूस आंघोळीला बसला तरी पदवी काढून ठेवत नाही. या हॉफराटसाहेबांकडे काही मागायचं म्हणजे अर्ज, अर्जाची प्रत, टोपी काढणं, हवापाण्यावर दहा मिनिटं, आणि शेवटी "आपण यथावकाश कळवू."

पण आमच्या डोंगरात एक कायदा आहे. कुठल्या पुस्तकात नाही, पण बायबलपेक्षा जास्त पाळला जातो. हजार मीटरच्या वर अहो-जाहो बंद! रेषा ओलांडली की मंत्री असो, बिशप असो, सगळे एकमेकांना 'तू'. खाली उतरलं की परत टोप्या निघतात. म्हणजे खाली जे हॉफराटसाहेब, वर तो आपला झेब्बी! आणि झेब्बीच्या खांद्यावर हात टाकून "दे ना रे जॅकेट" म्हणायला काय लागतं?

हीच माझी योजना. म्हाताऱ्याला वर न्यायचं!

मी त्यांना बुधवारी दुपारी वरच्या उतारावर माझा वर्ग बघायला बोलावलं. चौदाशे मीटर. 'तू'चा नुसता पाऊस! ते येतो म्हणाले. आणि बुधवारी सकाळी फ्योन सुटला.

फ्योन म्हणजे तो दक्षिणेचा गरम वारा. तो सुटला की गायी दूध चोरतात, बायका नवऱ्यांची जुनी पत्रं काढतात आणि डोंगरावर नेणारे तारेवरचे पाळणे बंद होतात. पाळणे बंद, म्हणजे वर जाणं बंद! हॉफराटसाहेब खालच्या स्टेशनवर चामडी बूट घालून उभे. चेहरा ओल्या लोकरी मोज्यासारखा.

"मी जातो," ते म्हणाले.

"थांबा, हॉफराटसाहेब! रोझलच्या खानावळीपर्यंत चालत जाऊ. वीस मिनिटं. गरम सूप घेऊ."

कारण रोझलच्या अंगणातच तर तो बोर्ड आहे! '१००० मीटर'. बाकं बरोबर त्याच्या वरच्या अंगाला. ख्रिसमसपासून अख्खं गाव तिथे बसून एकमेकांना 'तू' म्हणत होतं.

गेलो. बसलो. रोझलने सूप आणलं, त्यात मुठीएवढा पावाचा गोळा. शेजारच्या बाकावर बेकरीवाला झावर आणि जनावरांचे डॉक्टर लेन्झ पत्ते कुटत होते. नऊ वर्षं हे दोघं एका कुंपणावरून बोलत नव्हते. डिसेंबरात याच बाकावर झावरने 'तू' दिला, लेन्झने घेतला, दोघं रडले. रोझल अजून सांगते.

मी खोल श्वास घेतला, हॉफराटच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हटलं, "झेब्बी, ऐक ना! ते लाल जॅकेट मला देऊन टाक."

त्यांचा चमचा हवेत थांबला. "काय म्हणालात आपण?"

मला वाटलं, वाऱ्यात ऐकू आलं नाही. मी कानाजवळ जाऊन ओरडले, "जॅकेट रे, जॅकेट! लाल!"

"आपण कुणाशी बोलताय?"

मला वाटलं, म्हातारा मजा करतोय! मीही फुलले. "अरे सोड रे ते आपण-बिपण! तुला माहितीय, गुस्टलला नीट थांबता येत नाही. मागच्या आठवड्यात तो एका बाईच्या सामानात जाऊन थांबला. त्याला घेतलंस ना, तर लोक म्हणतील झेब्बीला चाळशी लागली!"

आणि पाठीवर थाप! गोळा घशात गेला त्यांच्या. ते खोकले, लाल झाले, जॅकेटपेक्षा लाल. मग शांतपणे खिशातून एक पितळी उंचीमापक काढलं, बोटाने टिचकी मारली आणि माझ्यापुढे धरलं.

नऊशे बावन्न.

"हे बघा," ते म्हणाले.

"अरे पण बोर्ड बघ ना! हजार!"

"बोर्ड मी चौऱ्याहत्तर साली ठोकलाय. लार्चच्या झाडाला. इथे लार्च दिसतोय आपल्याला?"

इथे नुसता खांब होता. नवा कोरा. माझं सूप थंड झालं. पण मी हार मानते थोडीच! शाळेत शिकलेलं आठवलं आणि मी उडी मारली. "फ्योन! फ्योनमध्ये हवेचा दाब पडतो! तुझं यंत्र आज चुकीचं दाखवतंय!"

"बरोबर," हॉफराट म्हणाले. "दाब पडला की यंत्र उंची जास्त दाखवतं. म्हणजे खरी उंची याहूनही कमी आहे."

मी यंत्राकडे बघितलं, मग बोर्डाकडे.

मग रोझल रडायला लागली. "मीच हलवला हो, हॉफराटसाहेब! पाहुणे हल्ली नेटवर उंची बघून खोली घेतात. हजाराच्या खाली कुणी फिरकत नाही. म्हटलं, बोर्ड खाली आणला काय, घर वर नेलं काय! आमच्या गुस्टलनेच ठोकून दिला." गुस्टल तिचा भाचा.

शेजारच्या बाकावर पत्ते थांबले.

"म्हणजे," डॉक्टर लेन्झ हळूच म्हणाले, "आपला 'तू' खालीच झाला?"

"झाला तो झाला," झावर म्हणाला. "दिलेला 'तू' परत घेत नाहीत."

"खोट्या उंचीवर दिलेला होता, साहेब."

"साहेब कुणाला म्हणतोस रे?"

"'रे' कुणाला म्हणता? माझं कुंपण तुम्ही हलवलंत, आता 'तू'ही पावासारखा फुगवून दिलात..."

"घोड्याच्या ढुंगणात हात घालणारा माणूस मला शिकवणार!"

पत्ते उडाले. नऊ वर्षांचं भांडण साडेतीन मिनिटांत जागच्या जागी येऊन बसलं. पोलीस हवालदार आत बियर पीत होता, तो धावत बाहेर आला. झालेला प्रकार कळला तसा मटकन बसला. त्याने जानेवारीत याच बाकावर जिल्हाधिकाऱ्याला 'तुझं डोकं ठिकाणावर आहे का' विचारलं होतं! आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बोर्ड हलवला रोझलने, ठोकला गुस्टलने, पण तोंड उघडलं कुणी? बुर्गीने!

"गप बसली असतीस तर?" रोझल म्हणाली.

मी शेवटचा डाव टाकला. "हॉफराटसाहेब, चला वर! खऱ्या रेषेवर जाऊ. तिथे मी सगळं परत नीट बोलते."

ते तयार झाले. माझ्यासाठी नव्हे, त्यांना खिळ्यांची भोकं तपासायची होती! चिखल, खाली वितळता बर्फ, वर चामडी बूट. मी ढकलत होते, ते धापा टाकत होते, पण दर दहा पावलांना "आपण जरा हळू ढकलावं." अर्ध्या तासाने लार्च आला. खोडावर चार भोकं. हॉफराटनी ती बोटाने चाचपली, एक पाऊल वर टाकलं आणि काय सांगू, माणूसच बदलला! खांदे खाली आले, टोपी मागे गेली.

"अगं बुर्गी," झेब्बी म्हणाला, "दमवलंस गं म्हाताऱ्याला!"

मला रडूच आलं. "झेब्बी, मी चुकले रे."

"चुकलीस. पण खरं सांगू? या खोऱ्यात तुझ्यासारखं कुणी शिकवत नाही. माझी नात लाकडासारखी उभी राहायची, तिला तू वळायला शिकवलंस. गुस्टल म्हणजे उतारावरून सोडलेलं पिंप आहे."

"मग दे ना मला जॅकेट!"

"मी दिलं असतं गं. पण ते हॉफराट ठरवतात."

"हॉफराट तूच ना!"

"इथे नाही. हॉफराट खाली राहतात."

"मग त्यांना सांग ना रे!"

"सांगतो," तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटलं त्याला, मी बघितलं. "पण ते माझं फारसं ऐकत नाहीत. आणि आज त्यांचा मोठा अपमान झालाय. तरी बोलून बघतो. तुझ्या बाजूने बोलतो, जा."

झालं! जॅकेट अंगात चढल्यासारखंच! मी त्याला मिठी मारली. आम्ही खाली वळलो. आणि झेब्बीचा बूट सटकला.

तो बसला आणि बसल्या बसल्या निघाला. मोठ्या दिमाखात, टोपीसकट.

"बुर्गी, हात दे! अगं हात दे ना, बघतेस काय, मू..."

तेवढ्यात लार्चची रेषा आली.

"...मूर्ख आहात का आपण! द्यावा हात!"

मी हसायला नको होतं. मला मान्य आहे! पण तुम्ही सांगा, कुणाला आवरलं असतं? मी पोट धरून चिखलात बसले. हॉफराटसाहेब सूचना देत देत, "आपण... हे... योग्य... नाही..." करत रोझलच्या अंगणात पोचले, थेट पत्त्यांच्या टेबलाखाली. अख्ख्या अंगणाने आधी त्यांना बघितलं आणि मग वर, हसणाऱ्या मला.

गुस्टल त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेला. टोपी काढून, सगळ्या पदव्यांसकट माफी मागून आला. खाली, सातशे चाळीस मीटरवर, जिथे माफी मागायची असते तिथे.

सोमवारी शाळेच्या दारावर कागद लागला. 'लाल जॅकेट : श्री. गुस्टल. दुसऱ्या उमेदवारास उंचीचे भान नाही.' मी पाच वेळा वाचला. सहाव्यांदा वाचताना शेजारी माझ्या वर्गातली एक चिमुरडी येऊन उभी राहिली. तिने माझ्या पिवळ्या बंडीला नाक पुसलं आणि विचारलं, "उद्या आपण कुठे घसरायचं?"

पण उद्या उरलाच नव्हता. त्या आठवड्यात पाऊस लागला. बर्फाचा होता नव्हता तो पट्टा, तपकिरी गुडघ्यावर चिकटपट्टी असावी तसा, तोही निघाला. शाळा बंद. गुस्टल आता लाल जॅकेट घालून रिकाम्या पार्किंगमध्ये गाड्यांना हात दाखवतो. गाड्या येत नाहीत, पण हात छान दाखवतो.

मला नोकरी मिळाली! हॉलंडात. छपराखाली बर्फ केलाय त्यांनी, बारा महिने. उतार यंत्राने उचललेला, खिडकीबाहेर ट्यूलिप. जागा समुद्रसपाटीपासून दोन मीटर खाली आहे. म्हणजे आता मला अख्ख्या देशाला अहो-जाहो करावं लागणार!

काल निघण्याआधी वाटेत खायला पाव घ्यायला झावरकडे गेले. रांग लागलेली. रांगेत हॉफराटसाहेब. मी टोपी काढली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला, रांग सोडून माझ्यापर्यंत आले आणि हात पुढे केला.

"आपण आता आमच्याकडे कामाला नाही," ते म्हणाले. "तेव्हा अडचण राहिली नाही. मला झेब्बी म्हण. खालीसुद्धा."

खालीसुद्धा! नऊशे माणसांच्या गावात हा मान चौघांना आहे, त्यातले दोघं दफनभूमीत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तो हात दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्याने म्हटलं, "थँक्यू, झेब्बी!"

त्याने पटकन इकडे-तिकडे बघितलं.

"जरा हळू," तो म्हणाला. "लोक ऐकतायत."