ठिपकाही न बदललेला कोड

हेमांगीने खाडीकाठच्या नवापूरच्या घराच्या ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, “आठ दिवस थांबा! ते पाणीघडी अ‍ॅप मी असं सुधारते, की आपल्या खाडीत पुन्हा होडी रुतली तर माझं नाव बदला!”

पाणीघडी म्हणजे भरती-ओहोटीची वेळ सांगणारं फुकटचं अ‍ॅप. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्ती पाठवायची, आणि बोईसरच्या जितेशने ती तपासून आत घ्यायची. अ‍ॅपमध्ये किनाऱ्याची वेळ बरोबर होती, पण खाडीच्या तोंडावर पाणी चाळीस मिनिटं उशिरा चढतं हे त्याला माहीतच नव्हतं! त्यावर भरवसा ठेवून हेमांगीचा काका होडी घेऊन आला आणि भर उन्हात गाळात अडकला. बोंबील होडीतच नासले.

म्हणून हेमांगीने पंधरा दिवस गुडघाभर चिखलात उभं राहून, बांबूवर खुणा करून पाणी मोजलं, कोड लिहिला आणि पाठवला.

आठाचे चोवीस दिवस झाले. जितेशकडून आले ते एकोणीस शेरे! ‘हा आकडा कुठून आणला?’ ‘खरंच मोजलंय का?’ ‘एखाद्या जाणकाराला दाखवलंत का?’

“जानकार?” हेमांगी मोबाइलकडे बघून ओरडली. “चिखलात काय याचा जानकार उभा होता?”

त्या तिरमिरीत तिने तोच कोड, ठिपकाही न बदलता, चुलतभाऊ दर्पणच्या नावाने पाठवला. दर्पण टेम्पो चालवतो. खात्यावर त्याचा काळा गॉगल लावलेला फोटो डकवला आणि खाली त्याचा नंबर टाकला.

वीस मिनिटांत उत्तर! ‘वा दर्पणसर! काय स्वच्छ हात आहे!’ एवढ्यावर जितेशचं समाधान होईना. त्याने थेट फोन लावला. दर्पण तेव्हा एका कारखान्यात टेम्पोत माल भरत होता.

“सर, मग मर्ज करू का, घेऊ आत?”

दर्पणला वाटलं, कारखान्यातलाच कुणीतरी विचारतोय. “करा ना! पन मागचा फाळका नीट लावा, मागच्या खेपेला अर्धं रस्त्यात सांडलं!”

“म्हणजे शेवटच्या भागात गळती आहे! बारीक नजर आहे हं सर तुमची!”

दर्पणने घरी येऊन हे सांगितलं, “ताय, तो मला सर म्हनतो!” आणि हेमांगीच्या मस्तकाची भट्टी झाली. “टेम्पो काढ!”

जितेश स्टेशनजवळच्या खोलीत राहून काम करायचा. दार उघडताच गॉगल ओळखून त्याने दर्पणचे दोन्ही हात धरले. “या या सर! तुम्ही स्वतः आलात?” मग मागे उभ्या हेमांगीला म्हणाला, “बसा ताई, पाणी आणतो. आमचं जरा टेक्निकल बोलणं आहे, कंटाळाल तुम्ही.”

“पानी नको!” हेमांगी कडाडली. “तो कोड माझा हाय! दोन्ही शेजारी शेजारी उघड आनि ठिपका बदललेला दाखव!” रागात अहो-जाहो कधीच वाहून गेलं होतं.

जितेशने दोन्ही उघडले. एकदा वाचले, दोनदा वाचले. कान लाल झाले. “मी... मुद्दाम नाही केलं हो.”

“मुद्दाम केलं असतंस तर परवडलं असतं! मुद्दाम वागनाऱ्याला मानूस सरळ करतो. तुला तर ठाऊकच नव्हतं! मग सुधारनार कोन, आनि काय?”

 जितेश माणूस खोटा नव्हता. त्याच दिवशी त्याने हेमांगीचा कोड तिच्या नावाने आत घेतला आणि नियम केला: तपासणाऱ्याला पाठवणाऱ्याचं नाव दिसणार नाही. शिवाय हेमांगीलाच दुसरी तपासनीस नेमलं. “मीही एक दुरुस्ती पाठवीन,” तो म्हणाला. “तुम्हीच तपासा.”

“तपासते ना!” हेमांगी म्हणाली. “माझ्या नजरेत भेदभाव औषधालाही सापडायचा नाय!”

किनाऱ्यावरच्याच माहीम गावात तिची मैत्रीण जमना शाळेत गणित शिकवते. हेमांगी तिला दोन महिने कोड शिकवत होती, पण पाठवायला ती घाबरायची. हेमांगीने तिला कळवलं, “आता पाठव बिनधास्त. नावच दिसत नाय, कोन बोलनार तुला?”

त्याच आठवड्यात एक निनावी कोड आला. पहिल्या चार ओळी वाचून हेमांगी हसली. हा जितेशच! दुसरं कोण एवढं लांबण लावणार? बाह्या सरसावून तिने सत्तावीस शेरे मारले. शेवटचा होता: ‘लिहिणाऱ्याने आधी एकदा समुद्र पाहून यावं!’

पाच मिनिटांत फोन वाजला. जमना!

“हेमा, माज्या मागच्या दारातून समुद्र दिसतो. आनखी कुठला बघून येऊ?”

 “अगं... मला वाटलं, तो जितेश...”

“म्हंजे त्याला असं बोललं तर चालतं?” फोन बंद!

हेमांगी तडक माहीमला गेली. जमनाने दार उघडलं, पण वाट सोडली नाही. “सत्तावीसातले वीस शेरे बरोबर हायत,” ती म्हणाली.

“मग राग कसला गं?”

“बरोबर हायत म्हनूनच! माज्या वर्गात पोराचं गनित चुकलं तर मी काय त्याला, आधी आकडे बघून ये, म्हनते?”

हेमांगीने मान खाली घातली. तिने माफी मागितली, एकदा दारात आणि एकदा आत आल्यावर. मग दोघींनी बसून, भांडत भांडत तो कोड नीट केला आणि जितेशला तपासायला पाठवला.

दोन दिवसांनी जितेशचे शेरे आले. तीनच. प्रत्येकाची सुरुवात ‘काम चांगलं झालंय’ अशी, भाषा लोण्यासारखी. हेमांगीने दात-ओठ खात चार वेळा वाचून पाहिले. तिन्ही बरोबर होते. चिडायला म्हणून मेल्याने एक शब्द ठेवला नव्हता!